चार वेळा केलेली खाडी

वैतरणेची खाडी मी चार वेळा केली. नदी कुणाला करता येत नाही हे मलाही कळतं, पण मी केली ती फळीवरची, सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद फळीच्या मधोमध, हातभर लांबीची. पहिल्या तीन वेळा ती नापसंत झाली. नापसंत करणाऱ्या माणसाला नक्की काय हवंय हे मला सहा महिने कळलं नाही, आणि इतकी वर्षं चित्रकला शिकवून झाल्यावर आजही पुरतं कळलंय असं छातीठोकपणे सांगवत नाही.

एकोणीसशे साठ उलटून पाचसहा वर्षं झाली असतील. मी वीस वर्षांची होते. आम्ही चिंचणीच्या मच्छीमार वाडीतले. मॅट्रिक झाले, चित्रकलेच्या सरकारी परीक्षाही दिल्या, पण त्या घेऊन पुढे काय करायचं ते ना मला ठाऊक होतं ना घरात कुणाला. नारळी पौर्णिमेआधी वाडीतल्या होड्यांवर नावं रंगवून द्यायची, नावाच्या दोन्ही अंगांना कमळं काढायची आणि होडीच्या पुढच्या टोकाला दोन डोळे, एवढाच माझ्या शिक्षणाचा उपयोग. बाकी वर्षभर आईबरोबर सुके बोंबील घेऊन पालघरला. चिंचणीहून बोईसरपर्यंत बस. तारापूरकडे मोठं बांधकाम निघालेलं, त्यामुळे बोईसरच्या फलाटावर हिंदी बोलणाऱ्या मजुरांची ही गर्दी. त्यांच्यातून टोपल्या चढवायच्या, मध्ये एक उमरोळी, की आलं पालघर.

पालघरला स्टेशनामागे आईचं एक ठरलेलं गिऱ्हाईक होतं. रेल्वेच्या इंजिनावरून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर आणि त्यांची बायको. मी त्यांना काका-काकू म्हणायची. काकांच्या पडवीत दोन पत्र्याच्या ट्रंकांवर ती फळी मांडलेली होती. फळीवर रूळ, रुळावर मुंबईहून आणलेली चावीची आगगाडी, एका टोकाला वैतरणा स्टेशन, दुसऱ्या टोकाला सफाळे, आणि मध्ये पूल. पूल त्यांनी बिस्किटांच्या डब्यांचा पत्रा कापून केला होता. त्यावरचा एकेक रिव्हेट कथलाच्या डागाचा ठिपका देऊन उठवलेला. सिग्नलचा हात दोऱ्याने खालीवर व्हायचा. माणसाने किती हौस करावी! पण पुलाखाली नुसतं कोरं लाकूड. आगगाडी वैतरणा सोडायची आणि सुताराच्या दुकानावरून सफाळ्याला जायची.

"पानीच करायचं ना?" आईने टोपली उतरवता उतरवता बोलून टाकलं. "माजी पोर करंल. होड्या रंगवती ती. पान्यातच जल्मलीय."

आईला कुणी विचारलं नव्हतं, मलाही नाही. पण काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे, आधी माझ्या खांद्याकडे, मग हनुवटीकडे, मग कुठे डोळ्यांकडे. मला ते चमत्कारिक वाटलं.

"मला पत्रा जमतो, लाकूड जमतं," ते म्हणाले. "पाणी नाही जमत. तेवढं तू कर."

काकूने मला आत बोलावलं, चहा दिला आणि हळू आवाजात सांगितलं. डॉक्टर काचबिंदू म्हणाले होते. एक डोळा गेलाच होता. दुसऱ्याने नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसायचं, आजूबाजूचं काही नाही. ती नळीही बारीक होत चालली होती आणि आता त्याला उपाय नव्हता.

"ती बंद व्हायच्या आत त्यांना ते पाणी बघायचंय," काकू म्हणाली. "का, ते मला विचारू नकोस. मुंबईतल्या लेकाचं तोंड बघायचंय म्हणाले असते तर मला कळलं असतं. पण खाडीचं पाणी? मी विचारलं तर म्हणतात, तुला नाही कळायचं. नाही तर नाही."

मला वाटलं, एवढंच ना! एका आठवड्यात देते.

पहिली खाडी काचेची. फळीत चर खणून त्यात प्लास्टर ओतलं, त्यावर तेलरंगाने गाळ रंगवला, काठाला ओला करडा चिखल, आणि वर खिडकीची काच बसवली. बोटाएवढ्या चार होड्या कोरून काचेवर चिकटवल्या, तोंडं समुद्राकडे. मी स्वतःवर बेहद्द खूश होते. काकांनी चावी दिली, फळीसमोर उकिडवे बसले आणि नाक काचेला लागेल इतके वाकले. गाडी तीनदा पुलावरून गेली.

"हे नव्हे," ते म्हणाले.

"काय चुकलं?"

"चुकलं असं काही नाही गं. पण हे नव्हे."

घरी येऊन मी बापाला सांगितलं. तो जाळं विणत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न असा केला, जो आमच्या वाडीबाहेर कुणी केला नसता.

"पानी कंच्या तिथीचं?"

तिथी मी विचारलीच नव्हती. बाप हसायला लागला. काठाला चिखल उघडा दाखवलास म्हणजे ओहोटी, आणि होड्यांची तोंडं समुद्राकडे म्हणजे भरती. नांगरलेली होडी येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून राहते, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल आणि मी मॅट्रिक! "तुज्या खाडीत पानी जातंय आन् येतंय बी. त्या डायवरला काय कळंल?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक सापडली म्हणून बरंही वाटलं.

पुढच्या खेपेला मी काकांना रीतसर विचारलं, "काका, तिथी कुठली?"

ते गोंधळलेच. "कसली तिथी? गाडीची वेळ विचार."

"बरं, वेळ सांगा."

"सकाळची. नऊच्या सुमाराची पॅसेंजर."

आता नऊ ही काय पाण्याची वेळ झाली? एकादशीला सकाळी नऊला खाडी तुडुंब असते आणि चतुर्थीला त्याच नऊला नुसता चिखल. पाणी रोज पाऊण तास पुढे सरकतं, पॅसेंजर सरकत नाही. मी हे सगळं त्यांना समजावून सांगितलं. ते मन लावून ऐकत होते, जसं काही खाडी त्यांना कुणी पहिल्यांदाच सांगतंय. शेवटी म्हणाले, "मग तुला ठीक वाटेल ती घे."

मी चतुर्थी घेतली. दुसरी खाडी चंद्रुसाची, चरात बसेल अशा सुट्या पाटीवर घरीच केलेली. लाकडाला लावतात तेच चकचकीत व्हार्निश, एकावर एक नऊ हात, प्रत्येक हात दोन दोन दिवस वाळवून. शेवटच्या ओल्या हातावर आईची बारीक फणी फिरवून लाटा काढल्या. होड्यांची तोंडं या खेपेला जमिनीकडे. बापाने बसून पाहिलं आणि मान डोलावली, आणि बापाची मान सहसा डोलत नाही.

काका उकिडवे बसले. गाडी गेली. "फार सुरेख," ते म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडणार तोच, "पण हे नव्हे."

"रंग चुकला का? जास्त तांबूस झालं?"

"तांबूस... हो, असेल."

"की करडं हवं?"

"करडंही असतं."

"हिरवट?"

"सकाळी हिरवट असेल का गं? तुला काय वाटतं?"

मी त्यांना विचारायची, ते मलाच विचारायचे. मला काही उमगेना. मी सफाळ्याला उतरून खाडीवर गेले आणि बाटलीभर खरं पाणी भरून आणलं. काकांनी बाटली उजेडाकडे धरली, नळीत पकडायला दोनदा मागेपुढे केली आणि म्हणाले, "हे तर गढूळ पाणी आहे."

"खाडीचंच आहे, काका!"

"असेल," ते म्हणाले. असेल! मी खाडीचं पाणी खोटं आणलं की काय? मी रागाने आगगाडीभर आईशी बोलले नाही. जसं काही आईनेच ती खाडी गढूळ केली होती.

तिसरी खाडी ही माझ्या जातीची चूक. दुसऱ्या कुणाच्या हातून ती झाली नसती. चंद्रूस पिवळा पडतो म्हणून मला स्वच्छ पारदर्शक काहीतरी हवं होतं आणि तसं एक आमच्या घरातच टांगलेलं होतं. घोळ माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिला आम्ही भोत म्हणतो. ते वाळवून व्यापाऱ्याला देतात. पाण्यात उकळलं की त्याचा असा नितळ डिंक होतो की खालचा रंग जसाच्या तसा दिसावा. मी बापाच्या हातापाया पडून दोन भोतं मिळवली, उकळली, गाळली आणि चरात ओतली. घट्ट झाल्यावर पाहिलं तर खरंच पाणी! मी बोट लावून खात्री केली की ओलं नाही. वास येत होता, पण आम्हाला वास कुठला कळायला? ज्याचं घरच बोंबलांचं, त्याने वासाचं काय बोलावं.

काकांनी त्या खाडीकडे सगळ्यात जास्त वेळ पाहिलं. गाडी थांबली, चावी संपली, तरी वाकलेले. "जवळ आलीस," ते म्हणाले. "पण हे नव्हे. राहू दे आठ दिवस. बघून बघून कदाचित..."

आठ दिवस कशाला राहते? काकूच्या मांजरीने तिसऱ्याच दिवशी फळीवर चढून सफाळ्याकडून चाटायला सुरुवात केली आणि वैतरण्यापर्यंत खाडी कोरडी केली. दोन होड्याही पाडल्या. मी पुढल्या खेपेला गेले तेव्हा काकू तोंडाला पदर लावून हसत होती आणि काका त्या ओरखडलेल्या चराशी वाकून बसले होते.

"तरी ते नव्हतंच," ते म्हणाले, मला धीर द्यायला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षांच्या पोरीने साठीच्या माणसाला असं बोलू नये, पण मी बोलले. टोपली आपटली आणि म्हणाले, "नव्हे, नव्हे, नव्हे! मग कोणतं ते एकदा सांगून टाका ना. इतकी वर्षं पुलावरून गेलात, तुम्ही पाहिलेलं पाणी कसं होतं तेवढं सांगा, मी तस्सं करते. नाही तर दुसरं कुणी बघा."

आई म्हणाली, "अगं ए, जीभ आवर."

काका गाडी उचलून तिची चाकं पुसत बसले. त्यांच्या बोटांच्या रेघांतला कोळसा निवृत्तीनंतरही गेला नव्हता.

"मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पुलावर गती कमी करायची. हात वाफेच्या दांड्यावर आणि नजर पुढच्या सिग्नलवर. खाली पाणी बघणारा ड्रायव्हर ड्रायव्हर राहत नाही, पोरी. पूल आला, पूल गेला, ते मला चाकांच्या आवाजावरून कळायचं. मागे डब्यांतली माणसं खिडकीतून बघायची, पैसे टाकायची, हात जोडायची. मीच त्यांना तिथून नेत होतो आणि मलाच ते... नोकरी सुटल्यावर दोनदा मुद्दाम खिडकीशी बसून गेलो. दोन्ही वेळा सगळं लक्ष त्या नव्या ड्रायव्हरच्या हाताकडे. ब्रेक कसा लावतोय, वाफ किती ठेवतोय. पूल संपल्यावर आठवलं."

"मग माझं पाणी नापसंत कशाच्या जोरावर करत होतात?"

"वाटायचं, बघितल्याबरोबर ओळख पटेल. पटत नव्हती."

कशी पटणार? सहा महिने मी त्यांच्या मनातलं पाणी शोधत होते आणि त्यांच्या मनात पाणीच नव्हतं. मला हसावं की रडावं कळेना. काकू दारात उभी होती. "अगं बाई," ती म्हणाली, "म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा." लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हे तिलाही त्याच दिवशी कळत होतं.

आईने मात्र वेळ घालवला नाही. "त्यात काय यवढं? माजा भाऊ हाय की खाडीवर. त्याची होडी हाय. डायवरसायेब, चला, पुलाखाली नेऊन बशिवते तुमाला. बघा किती बघायचं ते."

तिथी बापाने काढली. एकादशी. नऊच्या सुमाराला पाणी भरेल आणि घटकाभर थांबेल, म्हणजे होडी हलणार नाही आणि काकांना बिचकायला होणार नाही. होळी नुकतीच झाली होती. मी आणि काका पॅसेंजरने सफाळ्याला उतरलो, तिथून टांगा, मग मामाची होडी. काकांनी धुवट सदरा घातला होता आणि दाढी केली होती, लग्नाला निघाल्यासारखी. त्यांना नळीतून पायाखालचं दिसत नसे, म्हणून मामाने त्यांना धरून होडीत घेतलं. मी त्यांच्यासमोर तोंड करून बसले. का, तर त्यांनी पाणी ओळखल्याबरोबर तो चेहरा मला बघायचा होता. सहा महिने मी त्यासाठीच घासले होते.

पुलाच्या दोन खांबांमध्ये मामाने होडी थांबवली. सावली होती. पाणी खरंच थांबलं होतं.

"काका, हेच ते," मी म्हटलं. "बघा."

काका होडीचा काठ धरून खाली वाकले. "थांब, डोळा बसू दे," म्हणाले. त्यांना नळी नेमकी जागेवर आणायला नेहमीच थोडा वेळ लागायचा. इतक्यात वर गर्डर थरथरले. सफाळ्याच्या बाजूने गाडी येत होती.

काकांची मान एकदम वर गेली.

गाडी आमच्या डोक्यावरून गेली. स्लीपरांच्या फटींतून चाकं दिसत होती, राख पडत होती, गरम पाण्याचे थेंब आमच्या हातावर आले. आणि काका तोंड वर करून, ती बारीकशी नळी त्या इंजिनावर रोखून बघत होते. "डाव्या अंगाचं बेअरिंग बोलतंय," ते ओरडले. "आणि वाफ बघ किती ठेवलीय! पुलावर एवढी कशाला रे बाबा?" आपण चालवलेलं इंजिन पोटाखालून कसं दिसतं, हे त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. ते हसत होते. डोळ्यात राख गेली तरी डोळा मिटेनात.

मला ओरडावंसं वाटलं, काका, खाली बघा! मला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी इतकी माया वाटली की मला माझंच काही कळेना.

गाडी गेल्यावरही ते पुलाकडेच बघत राहिले. मग पाणी फिरलं, ओढ लागली आणि मामाने होडी काढली. काठावर येईपर्यंत काकांचं तोंड मागे, पुलाकडे.

सफाळ्याच्या फलाटावर बाकावर बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं. गुडघ्यावर हात ठेवून बसले आणि मग अगदी हळू, चोरी केल्यासारखं, त्यांनी मला विचारलं, "कसं होतं गं पाणी?"

तांबूस होतं? करडं? खांबाशी फेस होता का? सावलीत त्याचा रंग काय होता? मी, पाण्यात जन्मलेली पोर, समोर तासभर खाडी असून मला तिच्यातलं काही आठवेना.

"मी बघितलंच नाही, काका," मी म्हटलं. "मी तुमच्याकडे बघत होते."

ते हसले नाहीत. मान हलवली. "मग आता कर तुझ्या मनाने," म्हणाले. "मी नव्हे म्हणणार नाही."

चौथी खाडी मी पुन्हा चंद्रुसाची केली, एकादशीची, तुडुंब. खांबांशी पाणी गडद ठेवलं, मध्ये उजळ. होड्या वेड्यावाकड्या, कारण थांबलेल्या पाण्यात होडी कुठेही तोंड करते. हात वाळायला वेळ लागतो. घाई करू म्हणता करता आली नाही. मधल्या दिवसांत पालघरची एक खेप चुकली. फळीत ती बसवायला गेले तेव्हा वैशाख लागला होता. काकूने दार उघडलं, पण चहाचं विचारलं नाही.

काकांनी चाचपून चावी दिली. फळीसमोर उकिडवे बसले. गाडी वैतरण्याहून सुटली, पुलावरून गेली, सफाळ्याला पोचली.

"हेच," ते म्हणाले. "हेच ते. ओळखलं मी."

त्यांचं तोंड पुलाकडे नव्हतं. पुलाच्या हातभर डावीकडे, पडवीच्या भिंतीकडे होतं. मी काकूकडे पाहिलं. तिने मान हलवून, बोलू नको, असं खुणावलं.

सहा महिने ज्या एका शब्दासाठी मी जीव टाकला होता तो मला मिळाला होता आणि मला तो नको होता. मला पुन्हा एकदा "हे नव्हे" ऐकायचं होतं.

"नीट बघा ना, काका," मी म्हटलं. गाडी उचलून परत वैतरण्याला ठेवली आणि चावी त्यांच्या हातात दिली.

"बघतो की," ते म्हणाले, आणि पुन्हा वाकून बसले.